पुठ्ठ्यावरचा समुद्र

गुणवंतीकाकीच्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र टपालाच्या पिशवीत मावलं नव्हतं. दापोलीहून पिशवी घेऊन येणारे धाकूदादा ते काखेत धरूनच एसटीतून उतरले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "वेदिका, हे पत्र की पेटीचं झाकण, ते तूच ठरव."

मी आमच्या गावची पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली, त्यात एक टेबल, एक वजनकाटा आणि शिक्का. बुरोंडीच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं कोळ्यांचं गाव आहे. इथे बँकेच्या नोटिसा येतात, विम्याची पत्रं येतात. चित्र काढलेला दीड हात लांबीचा पुठ्ठा कधी आला नव्हता. त्याला पाकीट नव्हतं. एका बाजूला रंगवलेलं चित्र, दुसऱ्या बाजूला तिकिटं, नेपाळचा शिक्का आणि निळ्या पेनाने लिहिलेला मजकूर. पोस्टकार्डासारखाच उघडा, फक्त आठ-दहा पोस्टकार्डांएवढा.

गुणवंतीकाकी तेव्हा पन्नाशीच्या आसपास होती. सकाळच्या गाडीने मासळीची पाटी घेऊन दापोलीला जायची, दुपारी परत यायची. बोलायला कमी, हिशेबाला चोख, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. तिचा नवरा केरूकाका तांडेल. बोट मालकाची असते, पण ती पाण्यात उतरली की हुकूम तांडेलाचा चालतो. केरूकाकाने तीस वर्षं तो हुकूम चालवला होता आणि त्या पत्राच्या चार महिने आधी सोडून दिला होता.

त्याचं कारण गावाला ठाऊक होतं, म्हणजे तेव्हा तसं वाटत होतं. गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात वाऱ्याचा इशारा होता. तरी चार-पाच बोटी गेल्या, कारण आदल्या दिवशी जाळ्यात म्हाकूल मासळी भरपूर लागली होती. परत येताना केरूकाकाची बोट खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर आडवी झाली आणि उलटली. ओहोटी होती, पाणी बाहेर ओढत होतं. बोटीवर सहा माणसं होती. लाइफ जॅकेटं होती, पण केबिनच्या छपरावर दोरीने बांधून ठेवलेली. चौघांना मागून येणाऱ्या बोटीने उचललं. केरूकाका दोन तासांनी किनाऱ्यावरच्या खडपाला लागलेला सापडला, डिझेलचा रिकामा निळा कॅन पोटाशी धरून. सहावा सापडलाच नाही.

सहावा म्हणजे बहादूर. नेपाळचा खलाशी. आमच्याकडे नेपाळहून येणाऱ्या प्रत्येक खलाशाला बहादूरच म्हणतात. बोटीवर दोन बहादूर असले तर मोठा आणि धाकटा. हा दोन हंगाम केरूकाकाच्या पडवीत राहिला, काकीच्या हातचं जेवला. पोलिसांनी पंचनामा केला, कागदावर 'बेपत्ता' लिहिलं. केरूकाकाने सांगितलं, "लाट आली, मग मला तो दिसला नाय." त्यावर कुणी काही विचारलं नाही. बहादूरची पिशवी काकीने बांधली. त्यात चादर होती, दोन पँटी, चार्जर, कंगवा. वर तिने सुक्या जवळ्याची पुडी ठेवली, स्वतःचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी टाचली आणि गावी जाणाऱ्या दुसऱ्या खलाशाच्या हाती दिली. त्या चिठ्ठीवरून हे पत्र आलं होतं.

काकी माझ्या टेबलासमोर उभी राहून ते चित्र बघत होती. नांगरलेल्या शेतासारख्या सरळ रेघा म्हणजे पाणी. त्यात बोट, बोटीहून मोठे मासे. बोटीत सहा माणसं ओळीने उभी, एकमेकांचे हात धरून. सगळ्यात शेवटच्याला लाल फेटा.

"मागे काय लिवलाय ता वाच गो," ती म्हणाली.

मजकूर मोडक्या हिंदीत होता. 'मेरा नाम फूलमती चौधरी. जगराम का घरवाली. मैंने समुन्दर नहीं देखा. कैसा है, चित्र बना के भेजो. जगराम कहाँ खड़ा था, वो भी बनाओ.'

"जगराम कोण?" काकीने विचारलं आणि विचारता विचारता तिलाच कळलं. ती बाकावर बसली. "दोन वर्सं माज्या हातचा जेवला," ती म्हणाली. "मी त्याला नाव नाय विचारला."

मी म्हटलं, साधं पत्र लिहून देते, चार ओळी पुरे. ती ऐकेना. "तिने येवढा मोठा पाठवलान. मी चिठ्ठी कशी पाठवू?"

तिला चित्र काढता येत नव्हतं. दारात रांगोळी काढायची तेवढीच. घरी बोटीला लावून उरलेला रंग होता, निळा, पांढरा आणि तांबडा. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा फूलमतीच्या पत्राएवढा कापला आणि तीन दिवस ती त्यावर बसली. निळ्या रंगात तिने तांबडा मिसळला. "समुद्र काय निळा नसता," ती मला म्हणाली, "आमच्या खाडीच्या तोंडाशी तर चिखलासारखा असता." जगराम कुठे उभा होता हे तिने नवऱ्याला विचारलं. केरूकाका म्हणाला, "नाळीवर," आणि उठून बाहेर गेला. बोटीच्या पुढच्या टोकाला तिने बोटाने एक पांढरा ठिपका दिला. मी पत्ता लिहिला, तिकिटं लावली. रंग पुरता वाळला नव्हता, माझ्या शिक्क्याला चिकटला.

असं सुरू झालं. पत्र जायला कधी तीन आठवडे लागायचे, कधी दोन महिने. फूलमतीचा हात सराईत होता. त्यांच्याकडे बायका घराच्या भिंतींवर चित्रं काढतात, असं तिने एकदा लिहिलं. तिची चित्रं भिंतीच्या मापाचीच असायची, पुठ्ठ्यावर जेमतेम मावलेली. भाताचं शेत, दोन म्हशी, आठ-नऊ वर्षांची मुलगी, सासू दारात बसलेली. काकी इथून जेटी पाठवायची, बर्फाची गाडी, वाळत घातलेले बोंबील. एकदा तिने आपली पडवी काढली आणि जगराम झोपायचा ती जागा रिकामी ठेवली. तेव्हा दापोलीच्या पोस्टातल्या माणसांनी मला फोन करून विचारलं होतं, हे असलं टपाल कोण पाठवतं? नियमात बसत नाही, पाकिटाचा दर लावावा लागतो. मी म्हटलं, लावलाय.

फूलमतीच्या प्रत्येक चित्रात एक माणूस असायचा. लाल फेट्याचा. शेताच्या चित्रात तो बांधावर, घराच्या चित्रात कुंपणाबाहेर. कडेला, पण आत येत असलेला. एक पाय नेहमी उचललेला. काकीने पहिल्यांदा ते माझ्या लक्षात आणून दिलं. "ती वाट बघता हाय," ती म्हणाली.

केरूकाका ही पत्रं बघायचा नाही. तो दिवसभर पडवीत जाळी शिवत बसायचा. पूर्वी गावात त्याच्या आवाजाची चेष्टा व्हायची, कारण तो घरातही बोटीवरच्यासारखा ओरडून बोलायचा. आता त्याचं बोलणं ऐकायला वाकावं लागे. समुद्राला घाबरला, असं लोक म्हणत, आणि त्याबद्दल त्याला कुणी नावं ठेवत नसे.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात जे पत्र आलं त्याने सगळं बदललं. त्या चित्रात चार बायका तोंडं उघडी टाकून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडातून रेघा निघून वरच्या कोपऱ्यात गेल्या होत्या. तिथे उंच इमारती आणि लाल फेट्याचा माणूस, त्याच्याशेजारी हिरव्या साडीतली बाई. खाली फूलमती आपल्या मुलीला धरून घराबाहेर बसलेली. मागे लिहिलं होतं, 'लोग बोलते हैं, उसने बम्बई में दूसरी रखी है. सास चूड़ी तोड़ने नहीं देती, घर में भी नहीं रखती. बोलती है, तेरे कारण भागा. सच बोलो. वो मरा कि नहीं?'

मी वाचून दाखवलं. काकीने पत्र उचललं, घरी नेलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. पुढचं मला तिने नंतर सांगितलं.

दुपारची वेळ होती. केरूकाका पाणी प्यायला आत आला आणि त्या चित्रापुढे थांबला.

"ह्यो कोण?" त्याने विचारलं.

"बहादूर. त्याच्या गावचे लोक म्हणतात, त्याने मुंबयत दुसरी बायको केलान. पोरीला नि फूलमतीला घराबाहेर काढलाय."

काका चित्राच्या आणखी जवळ गेला. मग म्हणाला, "तिला सांग, तो येणार नाय."

"ता मी कशावरून सांगू? तुमी तर बघितला नाय."

"बघितला."

तो जमिनीवर बसला आणि सांगू लागला. कॅन एकच होता. बहादूरला पोहता येत नव्हतं. त्याने मागून केरूकाकाच्या मानेला मिठी घातली. दोघंही खाली जाऊ लागले. काकाने त्याची बोटं सोडवली, एकेक करून. त्याने पुन्हा शर्ट धरला, तेव्हा काकाने लाथ मारली. "काका म्हणून हाक मारलान," केरूकाका म्हणाला. "मग खाली गेला. मी बघत होतो."

दोन दिवस काकीने नवऱ्याला वाढलं, पण त्याच्या बाजूला बसली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पेटीचे दोन मोठे पुठ्ठे घेतले आणि जाळ्याच्या दोऱ्याने शेजारी शेजारी शिवले.

त्या दिवशी मी तिच्याकडे एक कागद सहीला घेऊन गेले होते. पडवीत पुठ्ठा पसरलेला होता. काकी रंगाचा डबा घेऊन बसली होती आणि केरूकाका तिच्यासमोर. मी दारातच थांबले.

"कॅन तुमच्या कुठच्या हाताखाली होता?"

"डाव्या."

"त्याचा तोंड तुमच्याकडे होता की पाठीकडे?"

"आधी पाठीकडे. मग समोर."

"किती लांब?"

केरूकाकाने हात पुढे केला आणि तिच्या खांद्यापाशी थांबवला. "येवढा."

तिने तेवढंच अंतर ठेवून रंगवलं. काका मध्येच म्हणाला, "पुरे कर गो." ती म्हणाली, "पाय राहिलाय." आणि तिने पाय काढला.

मग तिने मला मागचा मजकूर लिहायला सांगितला. मी विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "ते सांगतील." केरूकाकाने मराठीत सांगितलं, मी हिंदीत लिहिलं. 'जगराम मर गया. मेरे पास एक ही डिब्बा था. मैंने अपने हाथ से उसकी उंगलियाँ छुड़ाईं और लात मारी. वो मेरे सामने डूबा. उसने किसी को नहीं रखा. उसकी औरत को चूड़ी तोड़ने दो और घर में रहने दो.' मी पेन त्याच्या हातात दिलं. शाळेत दुसरीपर्यंत गेलेला माणूस. त्याने 'केरू' एवढं लिहायला फार वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी काकी ते पोस्टात घेऊन आली. चित्रात काय आहे हे सांगायची गरज नव्हती. लहान मूलसुद्धा ओळखेल असं ते होतं. एक माणूस निळ्या कॅनवर, दुसरा खाली जाताना, आणि दोघांच्या मध्ये पहिल्याचा पाय.

"काकी, हे पाकिटात घालूया," मी म्हटलं. "रस्त्यात शंभर माणसं बघतील."

"तिने तिच्या घरातला भांडाण उघड्यावर पाठवलान. मी काय म्हणून झाकू?"

"काकांचं काय होईल?"

"त्यांनी खाली नाव लिवलाय," ती म्हणाली. "शिक्का मार."

मी शिक्का मारला. खरं सांगायचं तर, धाकूदादा येईपर्यंतच्या तासाभरात ते पत्र आतल्या खोलीत ठेवून द्यावं असं माझ्या मनात दोनदा आलं. ठेवलं असतं तर काकीला कळलंही नसतं. पण फूलमतीने प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर माझ्यासमोर पडलं होतं. धाकूदादांनी ते काखेत घेतलं, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघाले.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. कुणी सांगितलं हे शोधण्यात अर्थ नव्हता. एसटीत सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

बोटीच्या मालकाचा मुलगा मितेश दुसऱ्या दिवशी काकीच्या दारात आला. "काकी, झालं गेलं होतं ना? आता पोलीस परत आले तर बोट अडकेल," तो म्हणाला. काकीने त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. खलाशांनी केरूकाकाकडे बघणं सोडलं. नेपाळची पोरं त्याच्या पडवीसमोरून जायची ती वाट बदलून वरच्या अंगाने जायला लागली. काही जुने तांडेल म्हणाले, पाण्यात कुणीही तेच केलं असतं. पण तेही केरूकाकाच्या घरी येऊन म्हणाले नाहीत, जेटीवर एकमेकांत म्हणाले. लिलावाला बायका काकीला जागा द्यायच्या. जरा जास्तच द्यायच्या. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर मोकळं राहायचं.

त्यांची मुलगी शमिका नालासोपाऱ्याला दिली आहे. तिच्या सासरी कुणीतरी त्या चित्राचा फोटो पाठवला होता. तिचा फोन पोस्टात माझ्याकडे आला, कारण आईशी बोलायची तिची तयारी नव्हती. "बाबांनी केलं ते केलं," ती म्हणाली, "आईने का रंगवलं? मी इथे काय सांगू?" मी म्हटलं, तू तिच्याशीच बोल. ती त्या वर्षी गणपतीला आली नाही, नंतरही नाही.

आषाढात केरूकाका एकटाच पोलीस चौकीत गेला. तिथल्या हवालदाराने त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, तक्रार कोणाची आहे? प्रेत कुठे आहे? साक्षीदार कोण? काका म्हणाला, "मी हाय ना." हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "काका, घरी जा. एवढा विचार करू नका." काका घरी आला आणि त्याने काकीला सांगितलं, "घेत नायत." एवढंच.

त्यानंतर तो जाळीही शिवेनासा झाला. पडवीच्या कठड्याला टेकून बसायचा. काकी सकाळी जाताना त्याच्यापाशी भाकरी आणि पाणी ठेवायची, दुपारी आल्यावर बहुतेक वेळा ती भाकरी कावळ्यांना घालायची. ती त्याच्यावर रागावलेली होती का, हे मला कधी कळलं नाही. एकदा मी विचारलं. "राग येऊन काय करू?" ती म्हणाली. "तो कॅन धरून आला म्हणून माजा कुंकू राहिला. ता पण खरा हाय." मग म्हणाली, "बोटा एकेक सोडवलीन. ताच डोक्यातून जात नाय."

नेपाळहून काही येत नव्हतं. श्रावण गेला, दिवाळी गेली. काकी रोज दुपारी गाडीतून उतरली की पोस्टाच्या दारात क्षणभर थांबायची. मी मान हलवायची, ती पुढे जायची.

डिसेंबरात पत्र आलं. मापाला पूर्वीच्यांएवढंच. काकीने ते माझ्या हातातून घेतलं आणि टेबलावर सपाट ठेवलं. नदीकाठ होता. लाकडं रचलेली, त्यावर गवताचा माणूस झोपवलेला. प्रेत नसलं की गवताचा करून जाळतात, तसा. त्याला लाल फेटा घातलेला. बाजूला मुलीच्या हातात पेटती चूड. सासू बसलेली, कपाळाला हात लावून. आणि फूलमती उभी, पांढऱ्या कपड्यात, दोन्ही मनगटं मोकळी. कडेला कुणी नव्हतं. चित्राच्या चारही बाजूंना नुसती रिकामी जागा.

मागे तीन ओळी होत्या. 'काम हो गया. सास ने घर में लिया. अब चित्र मत भेजना.'

मी दोनदा वाचलं. काकीने मान डोलावली. तिने विचारलं, "ह्यांचा नाव कुठे हाय काय?"

"नाही."

"बरा."

ती पत्र घेऊन घरी गेली. मीही तिच्या मागून गेले, तिला एकटं जाऊ द्यावंसं मला वाटेना. केरूकाका पडवीत बसला होता. तिने चित्र त्याच्यापुढे धरलं. तो बोटाने त्या गवताच्या माणसाच्या पायापर्यंत गेला आणि थांबला.

"माज्यासाठी काय लिवलान?" त्याने विचारलं.

"तुमच्यासाठी काय नाय."

"शिव्या पण नाय?"

"नाय."

त्याने पत्र तिच्याकडे परत दिलं. काकी आत गेली, चूल पेटवली. मी जरा वेळ बसून राहिले. काका खाडीकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता.

त्याला एक वर्ष होऊन गेलं. काकीने पुन्हा चित्र काढलं नाही. उरलेला रंग तिने मितेशला देऊन टाकला आणि त्याने तो घेतला. आता ती सुकी मासळी विकते, कारण पाटी उचलून जेटीवर जायला नको असतं. केरूकाकाला गेल्या पावसाळ्यात झटका आला. डावी बाजू गेली. डावा हात पोटाशी दुमडलेलाच राहतो. काकी त्याला उठवते, धुते, भरवते. बोलणं जवळजवळ गेलं आहे, पण अधूनमधून एखादा शब्द येतो. परवा मी पेन्शनच्या फॉर्मवर अंगठा घ्यायला गेले होते. अंगठा धरण्यासाठी मी त्याचा उजवा हात हातात घेतला, तर त्याने माझी बोटं घट्ट पकडली आणि सोडेना. काकी चुलीपासून उठली, जवळ आली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो. त्याची बोटा सोडवू नको. आपापसून सोडील."

मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्याने सोडलं.